पितळी फिल्टर घेऊन मुलुंडला

आमच्या वसाहतीच्या गणपतीत जे हस्तलिखित निघतं, त्यात दरवर्षी कुणीतरी बद्रीकेदार करून आलेलं असतं. मागल्या वर्षी तळमजल्यावरच्या साठेकाकांनी काश्मीरवर बारा पानं लिहिली, त्यातली चार नुसती शिकाऱ्यातल्या उशांवर. यंदा संपादकांनी मला विचारलं, "सुमनताई, तुम्ही कुठे जाऊन आलात?"

"मुलुंडला," मी म्हटलं.

ते हसले. हसू देत बापडे. बोरिवलीहून मुलुंडला जाताना मी जे घेऊन गेले आणि येताना जे घेऊन आले, ते साठेकाकांच्या शिकाऱ्यात मावलं नसतं. म्हणून लिहितेय, आणि अजिबात लाजत नाही.

शहाऐंशीचा जानेवारी, दुसरा शनिवार, ऑफिसला सुट्टी. सकाळी सव्वासातला मी बोरिवलीच्या बस स्टँडवर उभी होते. खांद्याला पिशवी, पिशवीत टॉवेल, टॉवेलमध्ये गुंडाळलेला पितळेचा कॉफी फिल्टर, आणि त्या फिल्टरमध्ये माझा एक पराक्रम. पराक्रम कसला ते आधी सांगायला हवं.

हा फिल्टर मामींचा. मामी म्हणजे आमच्या समोरच्या दारातल्या, मूळच्या केरळातल्या पालघाटच्या, पण घरी तमिळ बोलणाऱ्या. पंधरा वर्षं आमची दारं समोरासमोर. मी मालवणची, चहावर वाढलेली. आमच्याकडे कॉफी म्हणजे कोजागिरीला, नाहीतर कुणाला ताप आला की. दूध, साखर, कॉफी सगळं एकाच पातेल्यात घालायचं, वर जायफळ किसायचं आणि रटारटा उकळायचं. लग्न होऊन आले तेव्हा मोठ्या हौसेनं मी तसली कॉफी मामींना दिली. त्यांनी एक घोट घेतला, कप खाली ठेवला आणि म्हणाल्या, "सुमन, ये कॉफी नाही. ये खीर आहे."

आठ दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही. माझा स्वभाव वसाहतीला माहीत आहेच. नवव्या दिवशी मीच त्यांच्या दारात जाऊन उभी राहिले आणि म्हटलं, "मग शिकवा!"

त्यांनी शिकवलं. पण कौतुक करतील तर शपथ! माझ्या हातची कॉफी पिऊन झाली की "ठीक आहे" म्हणायच्या. बस्स, एवढंच. आणि घ्यायच्या तो एकच टंबलर, म्हणजे त्यांचा उभा पेला. "आणखी देऊ का?" विचारलं की टंबलरवर हात आडवा धरायच्या. पंधरा वर्षांत तो हात एकदाही हलला नाही.

गेल्या वर्षी त्यांच्या मुलानं त्यांना मुलुंडला नेलं. निघताना मामींनी हा फिल्टर माझ्या हातात दिला. "आईचा आहे," म्हणाल्या. "बंद ठेवला तर पितळ रुसतं. तू रोज चालव." अख्ख्या वसाहतीत त्यांनी तो मला दिला, म्हणून मी किती दिवस जमिनीला पाय न लावता चालत होते ते विचारू नका. आणि त्या शनिवारच्या आधीच्या बुधवारी त्यांचं कार्ड आलं. सुनेनं लिहिलेलं, शब्द मामींचे. सोमवारी कायमची गावी जातेय, बहिणीकडे. शनिवारी फिल्टर घेऊन ये. तुझ्या हातची एक कॉफी पिते आणि फिल्टर बरोबर नेते.

आता आमच्या कोकणात एक रीत आहे. कुणाचं भांडं परत द्यायचं तर काळवंडलेलं देत नाहीत, आणि रिकामं तर मुळीच देत नाहीत. गुरुवारी आमच्या जिन्याखाली कल्हईवाला बसला होता. मी घरातली दोन पातेली दिली आणि वर फिल्टरही दिला. त्यानं फिल्टरचं वरचं भांडं उलटंपालटं केलं आणि विचारलं, "बाई, ये छलनी है क्या?"

"तुला काय करायचंय? आतून-बाहेरून दोन्हीकडून कर. आरशासारखं दिसलं पाहिजे," मी ठणकावलं.

त्यानं केलं. बिचाऱ्याचा काही दोष नाही. शुक्रवारी संध्याकाळी मी फिल्टर घासून-पुसून वरच्या भांड्यात पाणी ओतलं, तर पाणी विहिरीसारखं जागच्या जागी. भांडं ट्यूबलाइटसमोर धरलं. बुडाला एक भोक दिसेल तर शपथ! सगळी भोकं कथलानं बुजलेली. आमचे हे म्हणाले, "अगं, नवीन घेऊन देऊ. मामींना काय कळतंय?" मी सकाळपर्यंत त्यांच्याशी बोलले नाही.

तर पराक्रम तो हा. मामींच्या आईचं भांडं मी बुजवून ठेवलं होतं, आणि मामी सोमवारी जाणार होत्या.

रात्रीतून बेत ठरवला. विक्रोळीला माझा मामेभाऊ बाबी राहतो. तो मोठ्या कारखान्यात टूलरूमला आहे, लोखंडाला बोलतं करणारा माणूस. आधी त्याच्याकडे जायचं, मग घाटकोपरला ताजी पावडर घ्यायची आणि मग मुलुंड गाठायचं. लोकल गाडीनं जायचं तर दादरपर्यंत खाली उतरून पुन्हा वर चढायचं, म्हणजे कान डोक्यामागून पकडण्यासारखं. म्हणून आरेतून जाणारी बस.

गोरेगावचा नाका ओलांडला आणि बस झाडांत शिरली. ज्यांनी थंडीतली आरेची सकाळ पाहिली नाही त्यांनी मुंबईत थंडी नसते असं बोलू नये. गवतावर धुकं, तबेल्यांचा ओला वास, रस्त्याच्या कडेनं मोळ्या घेऊन चाललेल्या पाड्यावरच्या बायका. (पाडा म्हणजे जंगलातली वस्ती. आपण इथे यायच्या कितीतरी आधीपासून ही माणसं इथे आहेत.) छोटा काश्मीर नावाची ती बागही लागली. साठेकाका, काश्मीर मीही पाहिलं बरं का, अर्ध्या तिकिटात!

बाग मागे पडते न पडते तोच बसच्या नाकातून वाफ यायला लागली. ड्रायव्हरनं बस कडेला घेतली. कंडक्टर म्हणाला, "इंजिन तापलंय. अर्धा तास लागेल. उतरा, पण लांब जाऊ नका. बिबट्या इथलाच रहिवासी आहे."

आम्ही पाच-सहा जण कठड्यावर बसलो. एक बोरवाली बाई टोपली घेऊन आली. मी फिल्टर मांडीवर घेऊन बसले होते.

कंडक्टरला राहवलं नाही. "बाई, टॉवेलमध्ये देव आहे काय? केव्हाचा मांडीवर घेऊन बसलाय."

मी फिल्टर उघडून दाखवला. उन्हात असा लखलखला म्हणता!

"कॉफीचा ना?" सफारी घातलेले एक गृहस्थ म्हणाले. "एवढं काय त्यात? दूध उकळायचं, चमचाभर पावडर टाकायची."

झालं. माझ्यासमोर असं बोलायचं नाही. मी तिथेच कठड्यावर शाळा भरवली. म्हटलं, नीट ऐका. ही दोन भांडी, एकावर एक बसतात. वरच्याच्या बुडाला बारीक भोकं असतात. त्यात पावडर घालायची आणि वरून ही दांड्याची चकती ठेवायची. ठेवायची म्हणजे ठेवायची, मूद पाडल्यासारखी दाबायची नाही. दाबली की पाणी अडलं. पाणी उकळलं की लगेच ओतायचं नाही, उकळी बसू द्यायची. मग कडेकडेनं, हळू ओतायचं, झाकण लावायचं आणि आपलं दुसरं काम करायचं. थेंब थेंब काढा खाली उतरतो, त्याला डिकॉक्शन म्हणतात. चांगला अर्धा तास लागतो. फिल्टर हलवायचा नाही, आपटायचा नाही, दर दोन मिनिटांनी झाकण काढून बघायचं नाही.

"आणि मग उकळायचं," सफारीवाले म्हणाले.

"उकळायचं नाही हो! तिथेच तर आपलं मराठी माणसांचं चुकतं. चहासारखं उकळतो आणि मग कडू लागली की साखर ओततो. उकळायचं ते दूध. काढा नुसता त्यात मिसळायचा."

बोरवाली बाई भांडं निरखत होती. ती म्हणाली, "पर याला भोकं कुठं हायती?"

सगळे हसले. मलाही हसू आलं, मग रडू आलं आणि मी कालची सगळी हकिगत सांगून टाकली. बोरवालीनं मूठभर बोरं माझ्या ओच्यात टाकली. बस सुरू झाल्यावर कंडक्टरनं मला पुढची सीट दिली आणि म्हणाला, "बाई, टेन्शन घेऊ नका. होईल काम."

पवईचा तलाव डावीकडे ठेवून बस विक्रोळीला आली. मी वळणावर उतरले. बाबीची चाळ खाडीच्या अंगाला आहे. वारा आला की तिवरांचा खारट वास घरात येतो, आणि मला मालवणच्या बंदरावर उभं राहिल्यासारखं वाटतं. बाबी दारातच दात घासत होता.

"काय गो सुमन, सकाळीच खय इलंस?" (कुठे आलीस?)

"तुझ्याकडेच इलंय. ह्यां बघ आधी." मी भांडं पुढे केलं.

त्यानं चूळ भरली, भांडं उजेडाकडे धरलं. मग माझ्याकडे बघितलं. "हो पराक्रम कोणाचो?"

"माझो."

"कल्हई कोणी करूक सांगितली होती तुका?"

"बाबी, शिव्या मागाहून दे रे. भोकं उघडशील का सांग. ड्रिल मारतोस?"

मी विचारलं खरं, पण माझाच जीव वर-खाली होत होता. ड्रिल मारलं आणि भोकं मोठी झाली, तर काढा भसाभसा खाली येणार आणि कॉफी भांडी विसळल्याच्या पाण्यासारखी लागणार. बाबी भांडं बोटांत फिरवत राहिला.

"ड्रिल मारूचा नाय," तो म्हणाला. "ह्यां कथील आसा. पितळ तापायच्या आधी ह्यां वितळतला. थांब."

त्यानं वहिनीचा स्टोव्ह ओढला, सांडशी घेतली आणि खाटेखालून सायकलचा पंप काढला. वहिनी म्हणाली, "अहो, माझी भिंत! दिवाळीतच रंग काढलाय." कोण ऐकतो? बाबीनं भांडं सांडशीत धरून ज्योतीवर फिरवायला सुरुवात केली. ज्योत जवळ नाही, लांबून, पुरणासारखी हळू आच. बघता बघता बुडाचं कथील थरथरायला लागलं. "मार!" बाबी ओरडला आणि मी पंप मारला. फूस्स! पांढरे शिंतोडे थेट वहिनीच्या भिंतीवर. तीन वेळा तापवलं, तीन वेळा मी पंप मारला. उरलेली दोन-चार भोकं त्यानं सुईनं मोकळी केली. चष्मा कपाळावर, जीभ दातांत.

मग भांडं उन्हात धरलं. रांगोळीच्या ठिपक्यांसारखी सगळी भोकं ओळीत उघडी! मी बाबीच्या पाठीवर धपाटा घातला. असा भाऊ मुंबईत कुणाला नसेल.

पण पाणी ओतून बघितलं तर थेंब पूर्वीपेक्षा हळू पडत होते. भोकांच्या कडेला कथलाचा पातळ थर राहिला होता.

"हळू पडता," बाबी म्हणाला. "चलात?" (चालेल?)

"काय माहीत रे. मामीच सांगतील."

वहिनीनं घावणे आणि खोबऱ्याची चटणी खायला घातल्याशिवाय सोडलं नाही. भिंतीचे डाग ती येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवते आणि सगळी गोष्ट सांगते, असं बाबी परवा म्हणत होता.

विक्रोळीहून मुलुंड वरच्या अंगाला आणि मी चालले खाली घाटकोपरला. पण रिकामं भांडं नेणं शक्य नव्हतं. घाटकोपरला स्टेशनच्या रस्त्यावर फरसाणाची आणि साड्यांची दुकानं ओलांडत गेलं की एके ठिकाणी नाक आपोआप वळतं. तिथे कॉफीच्या बिया भाजतात आणि गिऱ्हाइकासमोर दळून देतात. दुकानाचे मालक अण्णा, कपाळाला भस्माचे तीन पट्टे, बोलणं तोलूनमापून.

मी एका दमात सांगितलं, "प्लँटेशन आणि पीबेरी निम्मी निम्मी. ऐंशीला वीस चिकोरी. बिया मध्यम भाजलेल्या, काळ्या केलेल्या नकोत. दळण रव्याहून बारीक, पण मैदा नको." (प्लँटेशन आणि पीबेरी हे कॉफीच्या बियांचे प्रकार. चिकोरी हे एक मूळ असतं. भाजून कॉफीत मिसळतात. त्यानं काढ्याला रंग आणि दाटपणा येतो. जास्त घातली तर नुसता रंगच राहतो.)

अण्णांनी मान वर करून माझ्याकडे बघितलं. कुंकू, मंगळसूत्र, नऊवारीतली नसले तरी पक्की मराठी बाई. "कोणासाठी?" त्यांनी विचारलं.

"पालघाटच्या मामी आहेत आमच्या. त्यांना कॉफी करून द्यायचीय."

अण्णा खो-खो हसले. "पालघाटच्या बाईला तुम्ही कॉफी पाजणार? मग मी मालवणला जाऊन माशाची आमटी शिकवतो!"

"या की. आधी पावडर दळा," मी म्हटलं. मला राग आला होता, पण पावडर त्यांच्या हातात होती.

मात्र माणूस जाणकार. फिल्टर मागून घेतला, दिव्यासमोर धरला आणि हसणं थांबवलं. "छिद्रं बारीक आहेत. रोजच्यापेक्षा किंचित जाड दळतो. नाहीतर डिकॉक्शन उद्या सकाळी उतरेल." मग दळताना एकदा थांबून चिमूटभर पावडर माझ्या तळहातावर ठेवली. मी अंगठ्यानं चोळून बघितली आणि मान हलवली. पावडर जात्यातून निघालेल्या पिठासारखी गरम होती. ती फिल्टरच्या खालच्या भांड्यात भरून घेतली, पण झाकण लावलं नाही. गरम पावडर कोंडली तर तिला घाम सुटतो आणि वास मरतो. अण्णा माझ्याकडे बघत होते. मी न सांगता झाकण बाजूला ठेवलं, तेव्हा पहिल्यांदा त्यांनी मला "बसा" म्हटलं. निघताना आमच्या घरासाठी एक लहानसा स्टीलचा फिल्टरही घेतला. मामींचा तर आता जाणारच होता.

भांडुपच्या कारखान्यांची धुराडी मागे टाकत मुलुंडला पोचले तेव्हा दीड वाजला होता. मामींचं घर तिसऱ्या मजल्यावर, खिडकीतून डोंगर दिसतो. दार त्यांच्या सुनेनं, विजीनं उघडलं. मुलुंडलाच वाढलेली, मराठी माझ्यापेक्षा फर्डी. स्वयंपाकघराच्या फळीवर झटपट कॉफीची बाटली उभी होती. गरम पाण्यात चमचा ढवळला की झाली. विजीनं माझी नजर ओळखली आणि म्हणाली, "काय करू सुमनताई, सकाळी सात-बावीसची लोकल गाठायची असते."

मामी खिडकीपाशी खुर्चीत होत्या. मी पाया पडले. त्यांनी हात पुढे करून माझा चेहरा चाचपला. "वाळलीस तू," म्हणाल्या. तेव्हा माझ्या लक्षात आलं. त्यांच्या दोन्ही डोळ्यांवर सायीसारखा मोतीबिंदू चढला होता. गावी गेल्यावर ऑपरेशन करायचं आहे, विजी हळूच म्हणाली.

मी फिल्टर त्यांच्या मांडीवर ठेवला. त्यांनी दोन्ही हातांनी धरला, पावडर हुंगली. "घाटकोपर?"

"हो, मामी."

"गरम होती तेव्हा झाकण नाही ना लावलं?"

"नाही, मामी."

"ठीक आहे."

आणि माझ्या मनात पाप आलं. सरळ सांगते. आतून चांदीसारखं लखलखणारं कल्हईचं भांडं त्यांच्या हातात होतं, आणि त्यांना ते दिसत नव्हतं. न सांगता कॉफी दिली असती तर कुणाला कळलं असतं? माझं नाव शाबूत राहिलं असतं; त्या गावी गेल्या असत्या आणि मी बोरिवलीला.

मी गप्प बसले आणि कामाला लागले. पावडर डब्यात काढून ठेवली, फिल्टर गरम पाण्यानं विसळून पुसला. पावडर घातली, कडेला बोटानं एकदाच टिचकी मारून सारखी केली, चकती अलगद ठेवली. उकळी बसू दिली. कडेकडेनं पाणी ओतलं. झाकण. हात धुतले.

"इकडे आण," मामी म्हणाल्या.

फिल्टर हलवायचा नाही हे त्यांनीच मला शिकवलं होतं. मी ताटात ठेवून, श्वास धरून, देवाची मूर्ती नेल्यासारखा नेला आणि खुर्चीजवळच्या स्टुलावर ठेवला. मामींनी वाकून कान लावला. मला हे माहीत नव्हतं. पंधरा वर्षांत त्यांनी कधी कान लावलेला मी पाहिला नव्हता. आता डोळे गेल्यावर त्या थेंब ऐकत होत्या.

बराच वेळ गेला. मग त्या म्हणाल्या, "आज हळू पडतंय."

माझा धीर सुटला. "मामी, मी त्याला कल्हई केली. भांडं चकचकीत करून द्यावं म्हणून. भोकं बुजली. कल्हईवाला विचारत होता, मी त्याचं ऐकलं नाही. भावानं सकाळी तापवून उघडली, पण पूर्वीसारखी नाहीत. तुमच्या आईचा फिल्टर मी बिघडवला, मामी. मला माफ करा."

विजी दारात हातातलं ताट तसंच धरून उभी राहिली. मला वाटलं, झालं, आता त्या नवव्या दिवसाचीसुद्धा सोय नाही. मामी तर सोमवारी जाणार.

"कल्हई?" त्या म्हणाल्या. मग हात वर केला. "थांब. बोलू नको. ऐकू दे."

आम्ही तिघी त्या स्टुलाभोवती गप्प बसलो. खाली रस्त्यावर भाजीवाला ओरडत होता. मामींचा कान भांड्याला लागलेला. शेवटी त्या सावकाश ताठ झाल्या.

"मी लहान होते तेव्हा असाच पडायचा," त्या म्हणाल्या. "एक... मग थांबून एक. आई म्हणायची, घाई करेल ती कॉफी नाही. मग भोकं झिजली. कॉफी धावायला लागली. मी पावडर वाढवत गेले. कुणाला नाही सांगितलं. तुलासुद्धा नाही."

"म्हणजे पंधरा वर्षं..."

"पंधरा वर्षं माझीच कॉफी बरोबर नव्हती. तुझी कशी चांगली म्हणू?"

मला हसावं की रडावं कळेना. मी उठून दूध तापवलं, नवीन बाटलीचं, एकदाच उकळलेलं. टंबलरमध्ये साखर आधी, त्यावर काळाभोर काढा, त्यावर दूध. मग टंबलरमधून दबाऱ्यात (खोलगट, रुंद काठाची वाटी) आणि दबाऱ्यातून टंबलरमध्ये, हातभर उंचीवरून ओतलं. फेस काठापर्यंत आला. थेंब सांडला नाही, हे मुद्दाम लिहितेय.

मामींनी घोट घेतला. टंबलर खाली आला नाही. दुसरा घोट, तिसरा. त्यांनी सगळा टंबलर संपवला आणि मांडीवर ठेवला. सवयीनं विचारायला माझं तोंड उघडलं होतं, पण भीतीनं मिटलं. हात आडवा येणार, माहीत होतं.

हात आडवा आला नाही. टंबलर पुढे आला.

"आणखी आहे?" मामी म्हणाल्या.

मी रडले. विजीच्या समोर, ओट्याला धरून, नाक ओढत रडले. रडत रडतच दुसरा टंबलर केला, आणि तोही त्यांनी संपवला. मग विजीकडे तोंड करून त्या तमिळमध्ये काहीतरी बोलल्या. विजीचे डोळे मोठे झाले, मग ती हसायला लागली.

"काय म्हणाल्या?" मी विचारलं.

"इवकिट्ट कत्तुक्को," विजी म्हणाली. "म्हणजे, हिच्याकडून शिक."

अहो, ऐकताय ना! पालघाटच्या बाईनं आपल्या सुनेला सांगितलं की कॉफी मालवणच्या बाईकडून शिक! मी पर्समधून सकाळचं बसचं तिकीट काढलं आणि विजीला म्हटलं, "ह्याच्या मागे लिही. जसं बोलल्या तसंच लिही." तिनं बारीक अक्षरात लिहून दिलं. मग विजीनं खरंच पदर खोचला आणि मी तिला पहिल्यापासून शिकवलं. चकती तिनं दाबलीच. सगळे दाबतात.

उन्हं कलली तेव्हा मी निघाले. मामींनी फिल्टर धुऊन-पुसून स्वतःच्या साडीच्या तुकड्यात बांधून घेतला होता. "हा मी नेते," म्हणाल्या. "आईच्या गावी जाऊ दे." मी मागितला नाही. मग त्यांनी माझी पिशवी चाचपली. "तुमच्यात रिकामं परत पाठवत नाहीत ना?" असं म्हणून, ज्यातून त्या दोनदा कॉफी प्यायल्या तो टंबलर आणि दबारा त्यांनी पिशवीत घातला. जिना उतरताना तो जोड पिशवीत किणकिणत होता. आरेतून परतताना पुन्हा धुकं उतरायला लागलं होतं, आणि मी खिडकीशी बसून पूर्ण रस्ताभर एकटीच हसत होते. शेजारची बाई जरा सरकून बसली.

माणसं लांबच्या प्रवासाहून शाली आणतात, अक्रोड आणतात. मी मुलुंडहून एक तमिळ वाक्य आणलं. ते तिकीट आमच्या ओट्यावरच्या भिंतीला चिकटवलं आहे. ज्यांना खोटं वाटत असेल त्यांनी येऊन वाचावं. कॉफीही मिळेल, पण उकळलेली मिळणार नाही.

दुसऱ्या दिवशी रविवारी सकाळी मी नव्या स्टीलच्या फिल्टरमध्ये कॉफी केली. यांना कपात दिली आणि मी माझी मामींच्या टंबलरमध्ये घेतली. यांनी कप संपवला, मिशी पुसली आणि म्हणाले, "झकास झालीय गं. आणखी आहे का?"

मी त्यांच्या कपावर हात आडवा धरला.

"पंधरा वर्षं थांबा," म्हटलं.